मिसरी आणि चिनी लेखनपद्धती : ‘चित्रलिपी’ ह्या संज्ञेची चिकित्सा

प्राचीन इजिप्तची, म्हणजे मिसरी, आणि चिनी ह्या दोन लेखनपद्धतींचा उल्लेख लिपिविषयक मराठी लेखनात बहुधा एकाच दमात केला जातो, आणि दोहोंवर ‘चित्रलिपी’ किंवा ‘भावलिपी’ ही एकच मुद्रा उमटवून लेखक पुढे वर्णमालेकडे वळतो. ह्या जोडणीत तथ्य मुळीच नाही असे नाही. तथापि ज्या कारणासाठी ही जोडणी केली जाते ते कारण खोटे आहे, आणि जे खरे साम्य आहे त्याचा ह्या संज्ञेत मागमूसही लागत नाही. वर्गीकरणाची संज्ञा चुकली की तिच्यामागून येणारे प्रश्नही चुकतात. चिनी लेखन कोणत्याही भाषेशिवाय थेट विचार व्यक्त करते, मिसरी लेखन केवळ गूढ प्रतीकांचे बनलेले आहे, अवघड लिप्या आपल्या अवघडपणामुळेच मरतात, ह्या तिन्ही समजुतींचे मूळ त्या एका संज्ञेत आहे.

समजुतीचा इतिहास जुना आहे. इ. स. पाचव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या होरापोलो ह्या ग्रंथकाराचे चित्राक्षरांवरील पुस्तक १४१९ मध्ये आंद्रोस बेटावर युरोपीय पंडितांच्या हाती लागले आणि पुढील चारशे वर्षे त्याने विद्वानांना भुरळ घातली. किर्खर ह्या जेझुइट पंडिताने सतराव्या शतकात मिसरी चिन्हांवर प्रचंड ग्रंथ रचले, १६६७ मध्ये चीनवरही एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि चिनी चिन्हांचा उगम मिसरी चिन्हांत शोधला. १७५९ मध्ये द गीन्य ह्या फ्रेंच पंडिताने तर चिनी लोक म्हणजे इजिप्तहून गेलेली एक वसाहत होय, असे सिद्ध केल्याचा दावा करणारा प्रबंधच छापला. हे सारे आज विनोदी वाटते. परंतु ह्या पंडितांचे गृहीतक, म्हणजे दोन्ही लेखनांत एक चिन्ह एक कल्पना दर्शविते हे, त्यांच्या निष्कर्षांबरोबर नाहीसे झाले नाही. वसाहतीची कल्पना गेली, ‘भावलिपी’ मात्र राहिली.

हे गृहीतक कसे काम करते ह्याचे उत्तम उदाहरण होरापोलोनेच दिले आहे. मिसरी लेखनात ‘पुत्र’ हा शब्द बदकाच्या चित्राने लिहितात. होरापोलो ह्याचे कारण असे देतो की, त्या जातीच्या पक्ष्याला आपल्या पिलांचा अतिशय लळा असतो. अर्थ बरोबर, कारण मात्र सर्वस्वी कल्पित. खरी गोष्ट अशी की, त्या बदकाच्या नावात आणि ‘पुत्र’ ह्या शब्दात व्यंजने तीच होती : एक ‘स’ आणि त्यामागून एक कंठ्य ध्वनी. पुत्राचे चित्र काढले तर ते कोणत्याही मुलाचे किंवा माणसाचे चित्र वाटेल. म्हणून लेखकाने ज्याचे चित्र सहज काढता येते असा समध्वनी शब्द उसना घेतला. मराठीत ‘आदर’ ह्या अर्थीचा ‘मान’ लिहिण्यासाठी गळ्याचे चित्र काढावे, तशातलाच हा प्रकार.

आता चीनकडे पाहावे. श्यू शन ह्याने इ. स. १०० च्या सुमारास पूर्ण केलेल्या कोशात ९,३५३ चिन्हांचे विवेचन आहे, आणि तो चिनी लिपिशास्त्राचा आधारस्तंभ मानला जातो. ‘येणे’ ह्या अर्थीच्या ‘लाइ’ ह्या चिन्हाचा आकार मुळात धान्याच्या रोपाचा, गव्हाचा, आहे. गहू आणि येणे ह्यांचा संबंध काय? श्यू शन सांगतो की, हे शुभ धान्य स्वर्गातून आले, म्हणून त्याच चिन्हाने ‘येणे’ दर्शवितात. होरापोलोचे बदक आणि श्यू शनचा गहू ही दोन भावंडे आहेत. खरे कारण येथेही ध्वनिसाम्य हेच. धान्याचे नाव आणि ‘येणे’ हे क्रियापद प्राचीन चिनी भाषेत जवळजवळ सारखे उच्चारले जात. एकमेकांशी कसलाही संपर्क नसलेल्या दोन परंपरांत, ध्वनीचा धागा दृष्टिआड झाल्यावर, पंडितांनी अर्थाची कथा रचून ती पोकळी भरून काढली. श्यू शनला होरापोलोच्या पंक्तीत बसविणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच्या कोशातील ऐंशी टक्क्यांहून अधिक चिन्हांत एक घटक उच्चार सुचवितो, हे त्याने स्वतःच चिन्हागणिक नोंदविले आहे. पुढच्या काळातील ‘भावलिपी’वाद्यांनी त्याचे हे काम वाचले नाही.

ध्वनिसाम्याने केलेली ही उसनवारी म्हणजे दोन्ही पद्धतींतील पहिले खरे साम्य होय, आणि तिच्याशिवाय कोणतीही चित्रे लेखन बनू शकत नाहीत. नार्मेर राजाच्या सुप्रसिद्ध शिलाफलकावर, इ. स. पू. ३१०० च्या सुमारास, त्याचे नाव एक मासा आणि एक छिन्नी ह्या दोन चित्रांनी लिहिले आहे. राजाचा माशाशी किंवा छिन्नीशी संबंध नाही. त्यांच्या नावांतील ध्वनी एकापुढे एक ठेवले की राजाचे नाव होते. मिसरी भाषेत ‘दहा हजार’ बोटाच्या चित्राने लिहीत, कारण दोन्ही शब्दांची व्यंजने एक. चिनी भाषेत ‘दहा हजार’ विंचवाच्या चित्राने लिहीत, कारण तेच. आन्यांग येथील अस्थिलेखांत, म्हणजे इ. स. पू. तेराव्या शतकापासून, ही उसनवारी पूर्ण रूढ झालेली दिसते. तेव्हा दोन्हीकडे उपलब्ध असलेले अगदी जुने लेखनही विशिष्ट भाषेतील विशिष्ट शब्दांचे लेखन आहे.

दुसरे साम्य ह्या पहिल्यातूनच उद्भवते. उसनवारी वाढली की संदिग्धता वाढते, आणि ती दूर करण्यासाठी अर्थाची दिशा दाखविणारे चिन्ह जोडावे लागते. मिसरी लेखनात घराचा आराखडा दाखविणारा आयत ‘प-र’ ह्या दोन व्यंजनांसाठी वापरतात. त्याखाली एक उभी रेघ असली की शब्द ‘घर’. त्याच आयताखाली ‘र’ दर्शविणारे मुख काढून पुढे दोन चालते पाय काढले की शब्द ‘बाहेर जाणे’. येथे मुखाचे चित्र आयताचे वाचन पक्के करते आणि पायांचे चित्र, ज्याला निर्धारक म्हणावे, अर्थाचा प्रांत सांगते. स्वतः त्याचा उच्चार होत नाही. चिनी लेखनात घोड्याचे चिन्ह ‘मा’ असे वाचतात. त्याच्या डावीकडे स्त्रीचे चिन्ह जोडले की ‘आई’ ह्या अर्थीचे ‘मा’ होते. ‘चौकोन, दिशा’ ह्या अर्थीच्या ‘फांग’ चिन्हाला दार, वाणी, रेशीम असे निरनिराळे अर्थघटक जोडून ‘खोली’, ‘भेट देणे’, ‘सूत कातणे’ हे शब्द लिहितात. सर्वांचा उच्चार ‘फांग’च, सूर तेवढे वेगळे. ह्यात घोड्याचा आईशी किंवा चौकोनाचा सुताशी संबंध शोधणारा पुन्हा होरापोलोच्या मार्गाने जातो.

अर्थघटकांची ही भर कधीकधी गमतीदार थराला जाते. गवतात बुडालेला सूर्य हे मुळात ‘संध्याकाळ’चे चिन्ह. ते ‘नाही, नको’ ह्या अर्थीच्या समध्वनी शब्दासाठी उसने घेतले गेले आणि तेथेच इतके रुजले की संध्याकाळीला चिन्ह उरले नाही. तेव्हा तिच्यासाठी त्याच चिन्हाखाली आणखी एक सूर्य काढण्यात आला. चिनी संध्याकाळीला आजही दोन सूर्य आहेत.

शांपोल्योंने मिसरी लेखनाचे कोडे उलगडले त्यात चिनी उदाहरणाचा वाटा होता, ही गोष्ट ह्या संदर्भात विशेष बोलकी आहे. द सासी ह्याने १८११ मध्येच असे सुचविले होते की, चिनी लेखनात परकी नावे जशी केवळ ध्वनीपुरती चिन्हे वापरून लिहितात, तशी रोझेटा शिलेवरील लंबगोलांकित ग्रीक नावेही लिहिलेली असावीत. २७ सप्टेंबर १८२२ च्या पत्रात शांपोल्योंने ह्याच नावांपासून ध्वनिचिन्हांची यादी सिद्ध केली. त्याला तेव्हाही वाटत होते की ध्वनिमूल्य परक्या नावांपुरतेच असेल. परंतु शिलेवरील ग्रीक शब्द ४८६, आणि मिसरी भाग तुटका असूनही त्यातील चिन्हे १,४१९; एका चिन्हाला एक कल्पना हा हिशेब येथे बसत नाही. १८२४ च्या ग्रंथात त्याने चित्र, प्रतीक आणि ध्वनी ही तिन्ही तत्त्वे एकाच वाक्यात, किंबहुना एकाच शब्दात, नांदतात असे प्रतिपादन केले. त्याच १८२२ साली पॅरिसमध्येच आबेल-रेम्युझा ह्याचे चिनी व्याकरण प्रसिद्ध झाले. म्हणजे खऱ्या साम्याची सामग्री दोनशे वर्षांपूर्वी एकाच नगरीत उपलब्ध होती. १८३८ मध्ये फिलाडेल्फियाच्या द्यु पोंसो ह्याने चिनी चिन्हे कल्पना नव्हे तर शब्द लिहितात असे स्पष्ट मांडले. त्याकडेही फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३६ ते १९४० ह्या काळात क्रील आणि बूडबर्ग ह्यांच्यात ह्याच प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला. क्रील चिनी लेखनाच्या भावात्मकतेचा पुरस्कर्ता, तर लेखनाचे तत्त्व इजिप्त, सुमेर आणि चीन येथे एकच असणार असा बूडबर्गचा आग्रह. आज ह्या वादात बूडबर्गच्या बाजूने निर्णय द्यावा लागतो.

परंतु साम्य येथे संपते, आणि लिपिशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो. ध्वनिघटक दोन्हीकडे आहेत हे खरे. पण ते ध्वनीचा कोणता तुकडा लिहितात? मिसरी चिन्ह व्यंजने लिहिते, स्वर लिहीत नाही. एका व्यंजनाची सुमारे २४ चिन्हे, शिवाय दोन आणि तीन व्यंजनांची अनेक. देवनागरीत ‘कर’, ‘कार’, ‘कीर’, ‘कोर’ हे चारही शब्द नुसते ‘क्‌-र्‌’ असे लिहिले आणि पुढे हात, गाडी, पोपट, चंद्रकोर अशी निर्धारक चित्रे काढली, तर मिसरी पद्धतीची कल्पना येईल. ज्या भाषेत शब्दाचा मूलार्थ व्यंजनांच्या सांगाड्यात असतो आणि स्वर बदलून रूपे सिद्ध होतात, तिला हे लेखन सोयीचे आहे. बदकाचे नाव आणि ‘पुत्र’ ह्या शब्दांचे स्वर भिन्न असले तरी उसनवारी चालते. चिनी भाषेत असा सांगाडा नाही. तेथे अर्थाचा लहानात लहान घटक, म्हणजे रूपिका, बहुधा एका अक्षराची असते. येथे अक्षर म्हणजे एका आघातात उच्चारला जाणारा स्वरयुक्त ध्वनिसमूह. ते अखंड अक्षर एका चिन्हात येते, आणि त्याचे व्यंजन-स्वर असे तुकडे पाडण्याचे कारण लेखकाला कधी पडले नाही. चित्रांतून ध्वनीकडे जाण्याची पायरी एकच. पण पाऊल कोठे पडावे हे भाषेच्या रचनेने ठरविले.

गेल्ब ह्याचा १९५२ चा लिपिशास्त्रावरील ग्रंथ ह्या ठिकाणी अडखळतो. लेखनाचा विकास शब्दचिन्हांकडून अक्षरचिन्हांकडे आणि तेथून वर्णांकडे ह्या एकाच दिशेने, एकही टप्पा न गाळता होतो, असे त्याचे सूत्र होते. हे सूत्र टिकविण्यासाठी मिसरी व्यंजनचिन्हांना ‘अनिश्चित स्वराची अक्षरचिन्हे’ ठरवणे त्याला भाग पडले. स्वर अनिश्चित म्हणजे लिहिलाच नाही. मग ते अक्षरचिन्ह कसले? सिद्धांत वाचविण्यासाठी वस्तुस्थितीला दिलेले हे नाव होते. १९९० मध्ये डॅनियल्स ह्याने केवळ व्यंजने लिहिणाऱ्या लिप्यांचा स्वतंत्र वर्ग कल्पून हा गुंता सोडविला. गेल्बच्या एकदिश विकासाला दोन्ही लेखनांचा प्रत्यक्ष इतिहासही साथ देत नाही. इजिप्तमध्ये एकव्यंजनी चिन्हे प्रारंभीच्या काळापासून उपलब्ध असूनही लेखकांनी बाकीची चिन्हे टाकली नाहीत. मध्ययुगीन मिसरीत साधारण सातशेच्या घरात असलेली चिन्हे टॉलेमींच्या काळातील देवळांत कित्येक हजारांवर गेली. चीनमध्ये अस्थिलेखांत अर्थघटक जोडलेली चिन्हे थोडी, श्यू शनच्या काळी बहुसंख्य. त्या चिनी चिन्हांत काळाबरोबर वाढला तो अर्थाचा आधार. मिसरी चित्रांवरून व्यंजनांची लिपी घडविली ती सिनाई परिसरात वावरणाऱ्या सेमिटिक भाषकांनी. मिसरी लेखकाला तिची गरज वाटली नाही.

उलट टोकाला डीफ्रान्सिस गेला आहे. सर्व पूर्ण लेखन मुळात ध्वनिलेखन होय, हा त्याचा १९८९ चा सिद्धांत ‘भावलिपी’चे भूत उतरविण्यास उपयुक्त ठरला हे निर्विवाद. परंतु एकाच उच्चाराचे व एकाच सुराचे दोन भिन्न शब्द चिनी वाचक भिन्न चिन्हांनी लिहितो, आणि त्यांपैकी एक दुसऱ्याच्या जागी लिहिले तर तो अशुद्धलेखन समजतो, ही वस्तुस्थिती केवळ ध्वनिलेखनाच्या चौकटीत मावत नाही. चिन्ह अक्षराला आणि रूपिकेला एकाच वेळी बांधलेले आहे. डीफ्रान्सिसने स्वतः ह्या लेखनाला दिलेले ‘रूपिका-अक्षरात्मक’ हे नाव त्याच्या सिद्धांतापेक्षा अधिक समतोल आहे.

चिन्हांच्या संख्येवरून केली जाणारी तुलनाही तपासून पाहण्याजोगी आहे. मिसरी सातशे आणि १७१६ च्या खांग-शी कोशातील चिनी ४७,०३५ हे आकडे शेजारी ठेवून चिनी लेखन साठपट अवघड ठरविण्यात येते. हा हिशेब विटा आणि घरे ह्यांची गणती एकत्र करण्यासारखा आहे. मिसरी लेखनात घटक सुटे राहतात. शब्दाच्या शेवटी निर्धारक वेगळा उभा असतो आणि शब्द कोठे संपला तेही सांगतो. चिनी लेखनात तेच घटक एका काल्पनिक चौकोनात कोंबले जातात, आणि प्रत्येक जोडणी नवे चिन्ह म्हणून मोजली जाते. घटकच मोजावयाचे तर खांग-शी कोशातील अर्थघटक २१४ आणि सूटहिल ह्या कोशकाराच्या वर्गीकरणातील ध्वनिघटक ८९५. ही संख्या मिसरी चिन्हांपासून फार दूर नाही. फरक मांडणीत आहे आणि तो परिणामकारक आहे : सुट्या घटकांमुळे मिसरी लेखकाला एकच शब्द कमीअधिक चिन्हांनी, जागा पाहून लिहिण्याची मोकळीक राहिली, चौकोनात बसलेले चिनी चिन्ह मात्र एकदा रूढ झाले की गोठले.

गोठण्याचा परिणाम असा की उच्चार बदलला तरी ध्वनिघटक तसाच राहिला. ‘काम’ ह्या अर्थीचे चिन्ह आजच्या प्रमाण चिनीत ‘कुंग’. त्याला पाण्याचा घटक जोडून होणारे ‘नदी’चे चिन्ह मात्र ‘च्यांग’. वरवर पाहता ध्वनिघटक निकामी वाटतो. कँटनच्या बोलीत हेच दोन शब्द ‘कुंग’ आणि ‘कोंग’ आहेत, आणि प्राचीन चिनीत तर आद्य ‘क’ व अंत्य यमक दोहोंत समान होते. अठराव्या शतकातील त्वान यू-त्साइ ह्याने एक ध्वनिघटक असलेली चिन्हे मुळात एकाच यमकवर्गातील असली पाहिजेत असा नियम बांधला, आणि विसाव्या शतकात कार्लग्रेन ह्याने त्याच सामग्रीवर प्राचीन चिनीच्या पुनर्रचनेची इमारत उभारली. चिनी लेखन वर्तमान उच्चार झाकते आणि भूतकाळातला जपून ठेवते. मिसरी लेखनात व्यंजनांतील बदल अधूनमधून डोकावतात, परंतु स्वर प्रारंभापासून अखेरपर्यंत लुप्त आहेत.

म्हणूनच दोन्ही भाषांचा ध्वनिइतिहास लिहिणाऱ्याला बाहेरच्या साक्षीदारांकडे जावे लागते. तिसऱ्या आमेनहोतेपचे राजनाम मिसरी विद्येचे अभ्यासक सोयीसाठी ‘नेबमाअतरे’ असे उच्चारतात. १८८७ मध्ये अमार्ना येथे सापडलेल्या अक्कादी मृत्तिकालेखांत ते ‘निब्मुअरिया’ असे आहे. ग्रीक वर्ण स्वीकारलेल्या कॉप्टिक भाषेने अखेरच्या काळातील स्वर सांभाळले : ‘न-फ-र’ (चांगले) तेथे ‘नूफे’ झाले आहे. चिनीच्या बाबतीत ह्या साक्षीदारांत संस्कृतचे स्थान मोठे आहे. ‘बोधिसत्त्व’ शब्दाच्या चिनी संक्षेपाचा आजचा उच्चार ‘फूसा’. परंतु तो ज्या दोन चिन्हांनी लिहिला गेला त्यांच्यात त्या काळी ‘ब’ आणि अंत्य ‘त’ हे ध्वनी होते, म्हणूनच ती निवडली गेली. अशा लिप्यंतरांचा पद्धतशीर उलगडा स्तानिस्लास ज्युलियँ ह्याने १८६१ मध्ये केला. संस्कृत जाणणाऱ्या भारतीय अभ्यासकाला ह्या क्षेत्रात परंपरेनेच प्रवेश आहे. त्याचा उपयोग फार थोड्यांनी केला, ही खेदाची गोष्ट होय.

राहिला प्रश्न चित्रत्वाचा. मिसरी शिलालेखांतील चिन्हे अखेरपर्यंत ओळखू येणारी चित्रे राहिली. पिरॅमिडांतील लेखांत तर मृताला उपद्रव होऊ नये म्हणून माणसे व हिंस्र प्राणी ह्यांची चिन्हे कधी अर्धवट, कधी तुटकी कोरलेली आढळतात. चित्राचा जिवंतपणा लेखकाला जाणवत होता ह्याचा ह्याहून चांगला पुरावा नाही. तरीही तीच चिन्हे बहुतांशी ध्वनीचे काम करीत होती. चिनी चिन्हांचे चित्रत्व छिन आणि हान काळातील कारकुनी वळणात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच, संपले, आणि तेथे अर्थघटकांचे कार्य मात्र वाढतच गेले. चिन्ह चित्रासारखे दिसणे आणि ते कार्य काय करते ह्या दोन स्वतंत्र बाबी आहेत. दिसण्यावरून वर्ग ठरवावयाचा तर मिसरी भाषेचीच शाईने लिहिली जाणारी धावती लिपी त्या वर्गाबाहेर पडेल, आणि ते कोणालाच मान्य होणार नाही.

मिसरी लेखन क्लिष्ट म्हणून मेले, हे स्पष्टीकरणही चिनी उदाहरणापुढे टिकत नाही. फिलाई येथील शेवटचा चित्राक्षरी लेख २४ ऑगस्ट ३९४ चा आहे. डेमॉटिक वळणाचा शेवटचा लेख ४५२ चा. तोवर राज्यकारभार कित्येक शतके ग्रीकमध्ये चालत होता, मिसरी लेखन देवळांच्या आश्रयाने उरले होते, आणि देवळे बंद पडताच ते शिकविणारे कोणी राहिले नाही. चीनमध्ये राजवटी बदलल्या, परके राज्यकर्ते आले, तरी शासनाची आणि १९०५ पर्यंत चाललेल्या परीक्षांची भाषा ह्याच चिन्हांत लिहिली जात होती. १९५६ च्या सुलभीकरणाने चिन्हांच्या रेघा कमी केल्या, १९५८ मध्ये रोमन लिप्यंतराची सोय झाली. मूळ तत्त्व मात्र बदलले नाही. ‘घंटा, घड्याळ’ ह्या अर्थीच्या ‘चुंग’ शब्दाच्या जुन्या चिन्हात धातूच्या घटकाजवळ ‘थुंग’ असा झिजलेला ध्वनिघटक होता. सुधारकांनी धातू तसाच ठेवला आणि शेजारी ‘मध्य’ ह्या अर्थीचे, पण ‘चुंग’ असाच उच्चार असलेले, चार रेघांचे चिन्ह बसविले. मध्याचा घड्याळाशी संबंध नाही, आणि तो असावा असे त्या सुधारकांना वाटलेही नाही.